वाचकांचे प्रश्न : पोटमाळ्यावरचा मजूर पक्ष

शापूरजी सकलातवाला यांच्यावरचा लेख गेल्या अंकात छापला आणि पत्रं येऊ लागली. मुंबईत १८७४ साली जन्मलेला जमशेटजी टाटांचा हा भाचा १९२२ साली मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून पार्लमेंटात गेला आणि १९२४ साली कम्युनिस्ट म्हणून पुन्हा निवडून आला, ही त्या लेखातली मुख्य हकीकत. पत्रांचा रोख मात्र वेगळा होता. ‘असली पुस्तकं आमच्याही घरी आहेत, त्यांचं करायचं काय?’ हा बहुतेकांचा प्रश्न. ब्रिटनमधल्या डाव्या चळवळीची पुस्तकं, पुस्तिका आणि मासिकं गिरणगावातल्या आणि गिरगाव-दादरच्या घरांत अजून आहेत, आणि पुनर्विकासाच्या धांदलीत ती रद्दीत जाण्याची हीच वेळ आहे. म्हणून या वेळचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

लालबागहून एक वाचक लिहितात : चाळ पाडणार म्हणून आजोबांची लोखंडी ट्रंक पोटमाळ्यावरून खाली काढली. आत नारिंगी रंगाची इंग्रजी पुस्तकं, ‘लेबर मंथली’चे सुटे अंक आणि सायक्लोस्टाइल कागदांचे गठ्ठे आहेत. कुबट वास येतो, काही पानं एकमेकांना चिकटली आहेत. सुरुवात कुठून करू?

मोबाइलच्या कॅमेऱ्यापासून. ट्रंकेतला एकही कागद हलवण्याआधी वरून फोटो घ्या, मग एकेक थर काढत प्रत्येक थराचा घ्या. कागद कोणत्या क्रमानं ठेवले होते, हीसुद्धा माहितीच असते. ‘लेबर मंथली’ या लंडनच्या डाव्या मासिकाच्या अंकात गिरणी संपाचं मराठी पत्रक घडी करून ठेवलेलं सापडलं, तर वाचणाऱ्यानं लंडन आणि लालबाग एकत्र वाचलं होतं हे त्यातून कळतं. पुस्तकं एका ढिगात आणि पत्रकं दुसऱ्या ढिगात घातली की कागद शिल्लक राहतात, हा धागा तुटतो. असं पत्रक कुठल्या पानात होतं ते लगेच टिपून ठेवा.

त्यानंतर ट्रंक घरातल्या बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा. वास येतो म्हणजे बुरशी आहे, आणि ती पसरते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा दिवसेंदिवस त्याच्या बरीच वर असते. एक साधा आर्द्रतामापक घ्या. आकडा ६० च्या खाली नसेल, तर साफसफाईचं काम दिवाळीनंतरवर टाका. तोवर कागद सावलीत, हवेशीर जागी, पानं जराशी उघडून उभे ठेवा. पंखा खोलीत फिरू द्या, पण त्याचा झोत कागदावर नको. उन्हात वाळवण घालू नका. उन्हानं वास जातो, पण आधीच आम्लधर्मी झालेला कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि पुस्तकाच्या पाठीवरचा सरस तडकतो.

कागद पूर्ण कोरडा झाला की बुरशी पावडरीसारखी सुटते. ती गॅलरीत, एन-९५ मास्क लावून, मऊ केसांच्या ब्रशनं स्वतःपासून दूर झाडा. झाडताना ती पावडरीसारखी न उडता काळी रेघ ओढून पसरली, तर अजून ओल आहे. तिथेच थांबा आणि आणखी वाळू द्या. ओल्या फडक्यानं पुसणं तर मुळीच नको. चिकटलेली पानं साधी, खरबरीत असतील तर वाळल्यावर पातळ बांबूच्या पट्टीनं अलगद सुटतात. गुळगुळीत आर्ट पेपर एकदा चिकटला की घरी सुटत नाही. जोर लावला तर छपाईच उचकटते. तो भाग जाणकार संवर्धकासाठी तसाच ठेवा.

कसर किंवा झुरळांची अंडी दिसली तर औषध फवारू नका. पुस्तक पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढा, चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रिजमधला बर्फाचा कप्पा पुरेसा थंड नसतो. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर बाष्प धरतं आणि केलेलं काम वाया जातं. वाळवी असेल तर मात्र ती भिंतीत किंवा लाकडात असते, पुस्तकात नुसती खायला येते. ट्रंक कुठे ठेवली होती ती जागा आधी तपासा.

‘लेबर मंथली’चे अंक आणि लहान पुस्तिका पिनांनी शिवलेल्या असतात आणि आपल्या खाऱ्या हवेत या पिनांचा बळी आधी जातो. गंजाचा तपकिरी डाग पसरत जातो आणि त्या जागी कागद जळाल्यासारखा तुटतो. पिन समोरून ओढू नका. पुस्तिका मध्यावर उघडा. तिथे पिनेची दोन टोकं आत वळलेली दिसतील. प्रत्येक टोकाखाली आधी पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा, म्हणजे हत्यार कागदाला लागणार नाही. मग बोथट, चपट्या पात्यानं टोक उभं करा. गंजून ते मोडलं तर मोडू द्या. दोन्ही टोकं उभी झाली की पुस्तिका उलटी करून बाहेरच्या बाजूनं पिन सरळ उचला. गंजाची भुकटी ब्रशनं झाडा. नंतर त्याच भोकांतून सुती किंवा लिननचा दोरा ओवून सैल गाठ मारा. नवी भोकं पाडायची नाहीत.

साठवण्यासाठी आम्लरहित पुठ्ठ्याची खोकी सर्वांत चांगली. ती मिळाली नाहीत तर पॉलिप्रॉपिलीनचा झाकणाचा डबा चालेल, पीव्हीसीचा नको. ३० लिटरच्या डब्याला साधारण ६०० ग्रॅम सिलिका जेल लागतं. ते मांजरपाटाच्या पिशवीत घाला, सुटं टाकू नका. रंग बदलणारे खडे घेतलेत तर ओल शोषून ते भरले की नजरेला कळतं. मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. पण डब्यात जाणारा कागद कोरडाच हवा. दमट कागद बंद डब्यात घातला तर आपणच बुरशी पोसतो.

तुमची नारिंगी पुस्तकं लेफ्ट बुक क्लबची असणार. व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशकानं मे १९३६ मध्ये हा क्लब काढला. पुस्तकं गोलान्झ आणि हॅरॉल्ड लास्की व जॉन स्ट्रेची हे दोन डावे लेखक निवडत. सभासदाला महिन्याला एक पुस्तक अडीच शिलिंगांत मिळे. १९३९ मध्ये सभासद ५७ हजारांपर्यंत गेले आणि १९४८ साली क्लब बंद झाला. आवरणावर ‘जनतेला विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती पाहा. यातली काही पुस्तकं दुर्मीळ नाहीत. तरीही तुमची प्रत टाकू नका, ती का ते पुढच्या उत्तरात येईल.

गिरगावहून एका वाचकांची शंका : ब्रिटनच्या डाव्यांचे कागद ब्रिटननं सांभाळावेत. आपली स्वतःची मराठी दफ्तरं कुजत असताना आपण हा भार का घ्यावा?

ब्रिटननं ते सांभाळले आहेत, आणि फार निगुतीनं. लंडनच्या क्लार्कनवेल ग्रीनवरचं मार्क्स मेमोरियल ग्रंथालय १९३३ मध्ये, मार्क्सच्या मृत्यूला पन्नास वर्षं होत असताना आणि जर्मनीत नाझी पुस्तकं जाळत असताना सुरू झालं. सॅलफर्डमधलं वर्किंग क्लास मूव्हमेंट ग्रंथालय तर एडमंड आणि रूथ फ्राउ या नवरा-बायकोनं राहत्या घरात जमवलेल्या पुस्तकांतून उभं राहिलं. घरात जागा उरली नाही, तेव्हा १९८७ साली ते सॅलफर्डला हललं. मजूर पक्षाचं आणि ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचं दफ्तर मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये आहे, फेबियन सोसायटी या समाजवादी मंडळाचं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये.

पण तिथे असलेली प्रत आणि तुमच्या घरातली प्रत छपाईनं सारखी असली तरी साक्ष वेगळी देतात. मुंबईच्या प्रतीवर फोर्टमधल्या विक्रेत्याचा शिक्का असतो, युनियनच्या वाचनालयाचा क्रमांक असतो, समासात पेन्सिलीनं मोडीत किंवा देवनागरीत लिहिलेलं असतं. कुणी कोणती ओळ अधोरेखित केली, कुठे ‘आपल्याकडे?’ असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलं, हे मँचेस्टरच्या कुठल्याही कपाटात सापडणार नाही.

शिवाय हे साहित्य इथे जवळ बाळगणंच धोक्याचं होतं. सी कस्टम्स ॲक्टच्या १९ व्या कलमाखाली सरकार परदेशी छापील मजकूर बंदरातच अडवू शके. फिलिप स्प्रॅट या इंग्रज कम्युनिस्टावर १९२७ साली एका पुस्तिकेसाठी मुंबईत राजद्रोहाचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप चालला. २० मार्च १९२९ रोजी देशभर धाडी पडल्या आणि कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवर बादशहाविरुद्ध कट केल्याचा मीरत खटला उभा राहिला. आरोपींत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी होते. त्यांच्याबरोबर स्प्रॅट आणि गिरणी कामगार युनियनमध्ये काम करणारे इंजिनीअर बेन ब्रॅडली हे इंग्रजही होते. लेस्टर हचिन्सन हे तिसरे इंग्रज, त्यांना त्याच वर्षी नंतर पकडलं. खटल्यात हजारो कागद पुरावा म्हणून मांडले गेले. म्हणजे घरात कोणतं पुस्तक सापडलं हासुद्धा आरोपाचा भाग होता. अशा काळात जे पुस्तक कुणीतरी लपवून वाचवलं, ते आज आपण जागेच्या अडचणीमुळे घालवायचं, हे आम्हाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. धाडी पडल्या तेव्हा लंडनमध्ये हुजूर पक्षाचं सरकार होतं. जून १९२९ मध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड यांचं मजूर सरकार आलं, तरी खटला मागे घेतला गेला नाही. ब्रिटिश डाव्यांतलेच काही लोक आरोपींसाठी निधी आणि पत्रकं काढत होते, आणि त्यांच्यातल्याच सत्ताधाऱ्यांच्या कारकिर्दीत आरोपी तुरुंगात होते. वारसा जपायचा तर ही भांडणंही जपायला हवीत. ट्रंकेत मॅक्डोनल्ड यांच्यावर टीका करणारं पत्रक आणि मजूर पक्षाचं अधिकृत पत्रक दोन्ही असतील, तर आपल्या मताचं ठेवून दुसरं काढून टाकू नका.

मराठी दफ्तरांचं म्हणाल, तर ती आणि ही एकाच ट्रंकेत आहेत. एकाला वाचवलं की दुसरं वाचतंच.

दादरच्या एका वाचनालयातल्या कार्यकर्त्या विचारतात : आमच्याकडे अशा सुमारे दोनशे पुस्तिका आल्या आहेत. निम्म्यांवर सालच नाही. नोंदी करताना काय सांभाळावं?

आधी नावं, कारण घोळ तिथेच होतो. मराठी वर्तमानपत्रांनी लेबर पार्टीला मजूर पक्ष आणि काँझर्व्हेटिव्हांना हुजूर पक्ष म्हटलं, ती नावं सुरेख आहेत आणि वापरावीत. पण ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ म्हटलं की मुंबईत डॉ. आंबेडकरांचा १९३६ चा पक्ष डोळ्यांपुढे येतो, आणि ब्रिटनमध्ये याच नावाचा पक्ष १८९३ साली ब्रॅडफर्डला स्थापन झाला होता. नोंदीत ‘स्वतंत्र मजूर पक्ष, ब्रिटन’ आणि ‘स्वतंत्र मजूर पक्ष, मुंबई’ असे दोन वेगळे मथळे करा. ‘सोशालिस्ट लीग’सुद्धा दोन आहेत. एक १८८० च्या दशकातली विल्यम मॉरिसची, दुसरी १९३२ ते १९३७ मधली, स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या नावाशी जोडलेली. ‘दत्त’ या आडनावाखाली तर आर. सी. दत्त आणि आर. पी. दत्त हमखास एकत्र होतात. दोघांनीही इंग्रजी राजवटीत हिंदुस्थान कसा गरीब झाला यावर लिहिलं. पण रमेशचंद्र १९०९ साली वारले. रजनी पाम दत्त हे ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी, १९२१ पासून ‘लेबर मंथली’चे संपादक, १९७४ साली वारले. त्यांचे भाऊ क्लेमेन्स हेही लिहीत, तेव्हा आद्याक्षरं वगळू नका.

साल नसलेल्या पुस्तिकेचा काळ बहुधा पत्त्यावरून आणि किमतीवरून लागतो. प्रकाशक ‘मार्टिन लॉरेन्स’ असेल तर ती १९२७ ते १९३६ मधली. १९३६ मध्ये ही संस्था विशार्टबरोबर एक होऊन ‘लॉरेन्स अँड विशार्ट’ झाली, म्हणून ते जोडनाव दिसलं तर त्यानंतरची. पत्ता ‘ट्रान्सपोर्ट हाउस, स्मिथ स्क्वेअर’ असेल तर १९२८ च्या आधीची नाही. ‘१६, किंग स्ट्रीट’ हा कम्युनिस्ट पक्षाचा पत्ता, पण तो १९२० पासून १९८० पर्यंत तोच राहिला, त्यामुळे एकट्यावर विसंबू नका. किंमत जुन्या पेनीत असेल तर १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीची, कारण त्या दिवशी ब्रिटननं दशमान नाणी आणली. पुस्तकावर सिंह बसल्याची छोटी मुद्रा आणि ‘वॉर इकॉनॉमी’ हे शब्द असतील तर १९४२ आणि पुढची काही वर्षं. या युद्धकाळातल्या प्रती वेगळ्या काढा. त्यांचा कागद हलका आणि ठिसूळ आहे, त्यांनाच आधी स्कॅन करा.

इथल्या विक्रेत्याचा शिक्काही बोलतो. ‘मुंबई-४’ अशा धर्तीचा नुसता विभाग क्रमांक असेल तर शिक्का जुना. सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मात्र तो प्रत विकल्याचा काळ आहे, छापल्याचा नव्हे. नोंदीत हे दोन रकाने निराळे ठेवा आणि अंदाजानं घातलेलं साल चौकटी कंसात लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तो तुमचा अंदाज आहे हे समजेल.

क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीनं, शेवटच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात. वाचनालयाचा रबरी शिक्का मुखपृष्ठावर मारायची सवय या पुस्तिकांपुरती तरी सोडा. प्रत कुणी दिली, कोणत्या भागातून आली, आत काय सापडलं हा रकाना सर्वांत मोठा ठेवा.

परळहून : सायक्लोस्टाइल कागदांवर काही ठिकाणी जांभळी अक्षरं आहेत. धुऊन घेतलेला कागद जास्त टिकतो असं ऐकलं. धुवावे का?

नाही. जांभळी अक्षरं बहुधा कॉपिंग पेन्सिलीची किंवा स्पिरिट छपाईची असतात. त्यातला रंग पाणी लागताच फुटतो आणि उजेडात विटतो. स्टेन्सिलवरून काढलेली काळी शाई तेलकट असल्यामुळे पाण्याला बरीच टिकते, पण त्या कागदावर मागाहून केलेल्या सह्या आणि दुरुस्त्या टिकतीलच असं नाही. आम्ल घालवण्याचं काम संवर्धकाकडूनच करून घ्या. घरी एवढंच करा: हे कागद सपाट, अंधारात, प्रत्येकी एक आम्लरहित कागद मध्ये घालून ठेवा आणि सर्वांत आधी स्कॅन करा.

माटुंग्याहून एक विद्यार्थी : स्कॅनिंग नेमकं कसं करावं? मोबाइल ॲप चालेल का?

यादी करायला चालेल, जतनासाठी नाही. ॲप पान सरळ करताना आणि उजळताना समासातली फिकट पेन्सिल पुसून टाकतं, आणि आपल्याला तीच हवी आहे.

छापील मजकुराला ४०० डीपीआय, छायाचित्रांना ६००. स्कॅन रंगीतच घ्या, काळ्या-पांढऱ्यात शिक्का आणि शाई यांतला फरक जातो. मूळ फाइल टिफमध्ये, कॉम्प्रेस न करता ठेवा. ए-फाइव्ह आकाराचं एक पान असं साधारण २३ एमबी होतं, म्हणजे ६४ पानांची पुस्तिका दीड जीबीच्या आसपास. फुलस्केप सायक्लोस्टाइलचं एक पान ५० एमबीपर्यंत जातं. हार्ड डिस्क घेताना हा हिशेब आधी करा, कारण जागा संपली की लोक अर्ध्यातच जेपेगवर येतात आणि संग्रह दोन दर्जांचा होतो. वाचकांसाठी लहान पीडीएफ नंतर बनवता येते.

पातळ कागदात मागची अक्षरं उमटतात. पानाच्या मागे काळा, मॅट कागद ठेवून स्कॅन केलं की ती बरीच दबतात. पांढऱ्या कागदानं उलट जास्त दिसतात. जाड पुस्तक फ्लॅटबेडवर उपडं दाबू नका, पाठ तुटते. पुठ्ठ्याचा इंग्रजी व्हीच्या आकाराचा पाळणा करून पुस्तक १०० अंशांच्या आसपास उघडा आणि वरून कॅमेऱ्यानं टिपा. कॅमेरा पानाला समांतर हवा आणि उजेड दोन्ही बाजूंनी सारखा. कोरी पानं, जाहिराती, मलपृष्ठही घ्या. त्या काळच्या मासिकातली जाहिरात कधी कधी लेखाइतकीच कामाची असते.

फाइलचं नाव साधं ठेवा : संग्रहाचा क्रमांक, मग पानाचा क्रमांक, तोही चार आकडी. पुस्तकाचं नाव फाइलनावात नको, ते नोंदवहीत. अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात इंग्रजीबरोबर मराठीही निवडता येतं. जुन्या मराठी खिळ्यांवर, विशेषतः जोडाक्षरांवर, ते चुकतं, म्हणून मराठी पत्रकं डोळ्यांनी वाचून तपासा. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या घरात किंवा गावात. आणि प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलवरून संगणकानं काढलेला ओळख-आकडा, काढून ठेवा. फाइलमधला एक बिट जरी बिघडला तरी तो आकडा बदलतो. वर्षातून एकदा ताडून पाहिलं की कुठली प्रत सडली ते कळतं आणि चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते.

त्याच विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न : हे सगळं इंटरनेटवर टाकलं तर कायद्याची अडचण?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, ब्रिटनमध्ये ७०. लास्की १९५० साली वारले, ते दोन्हीकडे मोकळे. स्ट्रेची १९६३ चे, त्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून भारतात मोकळे, ब्रिटनमध्ये २०३३ अखेरपर्यंत नाहीत. बेन ब्रॅडली १९५७ चे, भारतात मोकळे. स्प्रॅट १९७१ चे, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत थांबावं लागेल. रजनी पाम दत्त यांच्यासाठी २०३४ अखेरपर्यंत. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनाला भारतात प्रकाशनापासून ६० वर्षं. मासिकाचा अंक जुना म्हणून आख्खा मोकळा होत नाही, प्रत्येक लेखक वेगळा तपासावा लागतो. मराठी भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क निराळा.

हक्क शिल्लक असले तरी जतनाची वाट बंद नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर ते जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवू शकतं. ती सगळ्यांना खुली करायची नाही, एवढंच. म्हणून कामगार वस्तीतल्या वाचनालयांनी हे काम हाती घ्यावं असं आम्हाला फार वाटतं. एकट्या माणसाला ही मुभा नाही, वाचनालयाला आहे.

वरळीहून : डबे भरून ठेवले, पण वाचणार कोण? मुलांना यात रस कसा वाटावा?

हाच खरा प्रश्न आहे. लेफ्ट बुक क्लबचं यश पुस्तकांच्या खपात जितकं होतं तितकंच त्याच्या अभ्यासमंडळांत होतं. ब्रिटनभर हजाराहून जास्त मंडळं महिन्याचं पुस्तक मिळून वाचत. हीच रीत इथे चालेल, फक्त आख्खं पुस्तक घेऊ नका. आठ-दहा जण, दीड तास, दहा-बारा पानांचा उतारा, आधी मराठीत करून दिलेला. बरोबर त्याच वर्षाचं मुंबईतलं एखादं पत्रक वाचायचं. १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये ४ ते १२ मे असा सार्वत्रिक संप झाला आणि दोन वर्षांत मुंबईचा मोठा संप. दोन्ही शेजारी ठेवले की चर्चा आपोआप पेटते.

सुरुवात ब्रिटिश कामगारांच्या सनदी (चार्टिस्ट) चळवळीपासून करावी असं आमचं मत. १८३८ च्या जनतेच्या सनदेत सहा मागण्या होत्या : सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, खासदाराला वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी नवी पार्लमेंट. शेवटची सोडून बाकी पाच पुढे मान्य झाल्या. आज आपण मतदान केंद्रावर ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्यांतल्या किती यादीत आहेत हे शाळेतल्या मुलांनाही लगेच दिसतं, आणि बायकांना मत नव्हतं हा प्रश्न मुलीच पहिल्यांदा विचारतात. थोड्या मोठ्या वयाच्या गटाला १९५६ नंतरची नवी डावी मंडळी आवडतील. रशियानं हंगेरीतला उठाव चिरडला आणि ब्रिटननं सुएझवर हल्ला केला, त्या धक्क्यानंतर निघालेले ‘न्यू रीझनर’ आणि ‘युनिव्हर्सिटीज अँड लेफ्ट रिव्ह्यू’ यांचे पूर्ण अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. १९६० मध्ये ही दोन्ही एक होऊन ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’ झालं.

भाषांतर करताना शब्दकोशाआधी गिरणीतली भाषा आठवा. ‘शॉप स्टुअर्ड’ मधलं शॉप म्हणजे दुकान नव्हे. आपल्याकडे साचेखातं, रंगखातं म्हणतात ते खातं, म्हणून ‘खात्याचा प्रतिनिधी’. ‘ब्लॅकलेग’ला ‘संपफोड्या’ हा नेमका शब्द तयार आहे, ‘लॉकआउट’ला टाळेबंदी. ‘फ्रेंडली सोसायटी’चं ‘मैत्री संस्था’ केलं तर अर्थच जातो. आजारपण आणि मयताच्या खर्चासाठी कामगारांनी वर्गणीतून चालवलेली ती परस्पर मदतीची मंडळी होती. गावकऱ्यांच्या खोल्यांतले फंड माहीत असलेल्या गिरणगावच्या वाचकाला हे अर्ध्या वाक्यात समजतं. ‘गिल्ड सोशालिझम’ला, म्हणजे उद्योग कामगारांच्याच संघांनी चालवावेत या विचाराला, मात्र चांगला मराठी शब्द नाही. ‘गिल्ड समाजवाद’ म्हणावं आणि तळटीप द्यावी.

प्रभादेवीहून : घरात जागा नाही. संग्रह कुठे द्यावा?

आधी यादी पाठवा, मग टेम्पो. न विचारता दारात उतरवलेली खोकी वर्षानुवर्षं जिन्याखाली राहतात. देण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचारा : संग्रह एकत्र राहील का, दुहेरी प्रती टाकणार का, वाचकाला किती दिवसांत पाहता येईल, आणि स्कॅनची प्रत कुटुंबाला मिळेल का. उत्तरं लेखी दानपत्रात उतरवा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, युनियनची कार्यालयं, विद्यापीठाची ग्रंथालयं असे पर्याय आहेत. मराठी पत्रकं आणि इंग्रजी पुस्तिका वेगवेगळ्या संस्थांना वाटून देऊ नका. संशोधन करणाऱ्यांसाठी एक सूचना : मुंबई इलाख्याच्या गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फाइली एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. तुमच्या ट्रंकेतलं पत्रक आणि त्याच सभेचा पोलिसी अहवाल असे दोन्ही समोर येऊ शकतात.

भायखळ्याहून : फाटलेली मुखपृष्ठं लॅमिनेट करून घेऊ का?

करू नका. लॅमिनेशनमध्ये उष्णतेनं प्लॅस्टिक कागदात वितळतं आणि पुन्हा सुटत नाही. सेलोटेपचाही काही वर्षांत तपकिरी डाग होतो. जुना सेलोटेप ओढून काढू नका, अक्षरं घेऊन येतो. फाट जोडायची तर जपानी टिश्यूची बारीक पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, तीही मोरचुद न घातलेली. पट्टी कापू नका, फाडा, म्हणजे कडेचे तंतू कागदात मिसळतात.

दादरहून एक आजी : आमच्याकडे पोथ्यांत वेखंड ठेवायचे. या पुस्तकांत ठेवू का, की डामराच्या गोळ्या बऱ्या?

आजी, डामराच्या गोळ्या नकोत. त्यांच्या वाफेचा घरातल्या माणसांना त्रास होतो आणि कसर त्यानं हटतेच असं नाही. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण ती मांजरपाटात बांधून डब्याच्या कोपऱ्यात ठेवा, पानांत नको. कांडीचा तेलकट डाग कागदावर उतरतो. आणि पोथी जशी दर चातुर्मासात सोडून, पानं उलटून, पुन्हा बांधायचात, तसं या पुस्तकांचं वर्षातून दोनदा करा. मे महिन्यात एकदा, आणि दिवाळी झाल्यावर एकदा.